कृष्णराजरूपक : नाशिक प्रांतांतील एक भक्तिमुद्रांकित नाणें

मध्ययुगीन युरोपांतील कित्येक धर्मगुरु हे केवळ धर्मगुरु नव्हते. ते मुलुखाचे धनीहि होते. कोलोन, माइन्झ, ट्रीअर, मॅग्डेबुर्ग इत्यादि ठिकाणचे आर्चबिशप आपापल्या प्रदेशांत कर बसवीत, न्याय देत, सैन्य बाळगीत आणि स्वतःच्या टांकसाळी चालवीत. बाराव्या-तेराव्या शतकांतील त्यांचीं रुप्याचीं नाणीं पाहिलीं म्हणजे मौज वाटते. कांहीं तर इतकीं पातळ कीं, ठसा एकाच बाजूनें मारलेला असून दुसऱ्या बाजूस त्याचीच खोलगट उलटी आकृति उमटलेली असते; आणि त्यांवर तलवार घेतलेल्या राजाऐवजीं हातांत धर्मदंड व धर्मग्रंथ घेऊन बसलेला बिशप दिसतो. हीं धर्मराज्यें बहुतांशीं १८०३ सालीं मोडलीं. आमच्याकडे असें कांहीं होतें काय, कोणा मठाधिपतीनें किंवा देवस्थानानें स्वतःचें नाणें पाडलें होतें काय, असा प्रश्न नाणकशास्त्राची थोडी गोडी लागलेल्या वाचकांकडून आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. त्या निमित्तानें आमच्या नाशिक प्रांतांतीलच एका लहानशा नाण्याची हकीकत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्राचीन महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर ह्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थीच द्यावें लागेल. देवाला गांव मिळाले, जकातीचा हिस्सा मिळाला, तेलाच्या घाण्यावरील पळी मिळाली. टांकसाळ मात्र मिळाली नाहीं. नाणें हें राजचिन्ह होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणें पाडण्यावर लक्षणाध्यक्ष व पारखण्यावर रूपदर्शक असे दोन स्वतंत्र राजाधिकारी सांगितलेले आहेत, त्यांत पुरोहिताचा संबंध कोठेंच येत नाहीं. परंतु नाण्याचा दुसरा एक प्रकार आमच्याकडे झाला. त्यांत धर्माधिकारी राजा होत नाहीं, तर राजाच आपलें राजेपण बाजूला ठेवून नाण्यावर स्वतःला केवळ भक्त म्हणवितो. ह्या प्रकारचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणजे कलचुरि कृष्णराजाचें रूपक होय. बागलाणांतील देवळाणें येथें तीं नाणीं सांपडलीं आहेत, आणि त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीच्या ताम्रपटांत त्यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. एकाच जिल्ह्यांत नाणेंहि मिळावें आणि त्याच नाण्याचें नांव घेणारा जुना लेखहि मिळावा, हा योग प्राचीन नाण्यांच्या बाबतींत फार थोड्या वेळां येतो.

प्रथम नाणें कसें आहे तें पाहूं. धातु रुपें. व्यास सुमारें अर्धा इंच. वजन दोन ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सोळा-सतरा गुंजा, तोळ्याचा जवळ जवळ सहावा हिस्सा. दर्शनी बाजूस उजवीकडे तोंड केलेलें राजाचें मस्तक. पाठीमागें मध्यभागीं बसलेला नंदी आणि त्याच्या सभोंवतीं ब्राह्मी लिपींतील लेख. तो लेख असा :

परममाहेश्वर-मातापितृपादानुध्यात-श्रीकृष्णराज

हीं एकवीस अक्षरें झालीं. अर्ध्या इंचाच्या चकतीचा परीघच मुळीं चार सेंटिमीटरांच्या आंत. तेव्हां एका अक्षराच्या वांट्याला दोन मिलिमीटरहि जागा येत नाहीं. त्यांत 'ध्या', 'ष्ण', 'श्व' यांसारखीं जोडाक्षरें कोरणाऱ्या कारागिराच्या हाताची तारीफ करावी तितकी थोडीच. तो ठसा उलटा कोरावयाचा असतो हेंहि ध्यानांत ठेवावें. पुढें अडचण अशी कीं, ठसा बहुधा चकतीहून मोठा असे व चकती ठशाच्या बरोबर मधोमध बसेच असें नाहीं. त्यामुळें एका नाण्यावर लेखाचा अर्धा पाऊण भागच येतो, उरलेला चकतीबाहेर जातो. एकावर 'परममाहे' स्पष्ट, दुसऱ्यावर 'पादानु', तिसऱ्यावर 'कृष्णरा'. अशीं दहापांच नाणीं एकापुढें एक मांडलीं म्हणजे संपूर्ण वाक्य जुळतें. एकट्या नाण्यावरून संपूर्ण लेख वाचल्याचें कोणी सांगूं लागल्यास त्यानें उरलेलीं अक्षरें ग्रंथांतून घेतलीं असें समजावयास हरकत नाहीं.

आतां ह्या लेखांतील शब्दांकडे वळूं. संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेल्यामुळें ह्या ठिकाणीं आमची लेखणी थोडी रेंगाळेल. वाचकांनीं क्षमा करावी.

'माहेश्वर' म्हणजे महेश्वराचा वंशज नव्हे, महेश्वराचा अधिकारी तर नव्हेच. पाणिनीनें 'भक्ति' ह्या अर्थीं जो तद्धित प्रत्यय सांगितला आहे त्याच्या योगानें हा शब्द सिद्ध होतो. महेश्वर ही ज्याची भक्ति, तो माहेश्वर. 'परम' जोडल्यानें त्या भक्तीची पराकाष्ठा दर्शविली आहे. हा राजा खरोखरच शैव होता याला स्वतंत्र पुरावा आहे. त्याचा पुत्र शंकरगण याच्या ताम्रपटांत कृष्णराजाचें वर्णन जन्मापासूनच पशुपतीच्या आश्रयास राहिलेला असें केलेलें आहे. नातू बुद्धराज याची राणी अनंतमहायी ही पाशुपतांची अनुयायिनी असल्याचें त्याच्या वडनेरच्या ताम्रपटांत नमूद आहे. तीन पिढ्यांचा हा पाशुपत ओढा ध्यानीं घेतां नंदीची आकृति म्हणजे केवळ शोभेचें चित्र ठरत नाहीं.

दुसरें पद 'मातापितृपादानुध्यात' हें. ह्याचें इंग्रजी भाषांतर बहुतेक सर्व जुन्या ग्रंथांत 'आईबापांच्या चरणांचें ध्यान करणारा' असें केलेलें आढळतें, व आमच्याकडील पाठ्यपुस्तकांतूनहि तेंच उतरलें. व्याकरणाला हें मानवत नाहीं. 'ध्यै' धातु सकर्मक. त्याला लागलेला 'क्त' प्रत्यय कर्मणिच घ्यावयास पाहिजे. मग 'अनुध्यात' म्हणजे ध्यान करणारा नव्हे, तर ज्याचें अनुध्यान दुसऱ्यानें केलें आहे असा. 'अनुध्यान' ह्या शब्दाला संस्कृतांत शुभचिंतन, कृपा असा अर्थ प्रसिद्ध आहे. आणि 'पाद' हा येथें पाय नसून आचार्यपाद, पितृपाद यांतल्याप्रमाणें आदरवाचक आहे. तेव्हां सरळ अर्थ असा कीं, पूज्य मातापितरांनीं ज्याचें कल्याण चिंतिलें, ज्यावर अनुग्रह केला, तो. अलीकडे पाश्चात्य पंडितांनींहि बारकाईनें पुरावा तपासून ह्याच बाजूनें कौल दिला आहे. भेद लहान दिसला तरी परिणाम मोठा आहे. पहिल्या अर्थानें हा एका आज्ञाधारक मुलाचा विनय ठरतो. दुसऱ्या अर्थानें तो वारसाहक्काचा उच्चार ठरतो. आईबापांच्या पसंतीनें मी गादीवर आलों, असें राजा प्रजेस प्रत्येक नाण्यावर सांगत आहे.

राहिलें तिसरें पद : 'श्रीकृष्णराज'. बस, एवढेंच. येथें महाराज नाहीं, महाराजाधिराज नाहीं, बापाचें नांव नाहीं, सालाचा आंकडा नाहीं. हें मौन किती विलक्षण आहे तें शेजारच्या नाण्यांशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. क्षत्रपांच्या नाण्यांवर बापाचें व स्वतःचें नांव पदव्यांसह येतें, व कालांतरानें शकवर्षाचे आंकडेहि येऊं लागतात. गुप्तसम्राट् कुमारगुप्त आपल्या रुप्याच्या नाण्यांवर स्वतःस 'परमभागवत' म्हणवितो खरा, पण लागलीच पुढें 'महाराजाधिराज' हें बिरुद लावतो. ज्या त्रैकूटकांच्या मागून कलचुरि ह्या मुलुखांत आले, त्या घराण्यांतील दह्रसेन व व्याघ्रसेन हे पितापुत्र आपल्या नाण्यांवर 'परमवैष्णव' असें लिहितात; परंतु बापाचें नांव महाराज पदवीसह आधीं, आणि स्वतःचें नांवहि महाराज पदवीसह नंतर. दह्रसेनाचा पारडीचा ताम्रपट संवत् २०७ चा, म्हणजे इ. स. ४५६-५७ चा, आणि व्याघ्रसेनाचा सुरतेचा संवत् २४१ चा, म्हणजे इ. स. ४९०-९१ चा. ह्या दोघांच्या नाण्यांवर पाठीमागें क्षत्रपांचाच त्रिशिखर चैत्य कायम आहे. विष्णुभक्त राजानें आपल्या नाण्यावर चैत्य ठेवावा यांत त्याला कांहीं विसंगत वाटलें नाहीं. लोकांना ओळखीची खूण पाहिजे, ती त्यानें ठेविली. कृष्णराजानें मात्र खूण व शब्द दोन्ही एका सुरांत आणले. राजाच्या सर्व उपाधि गाळून भक्ताची तेवढी उपाधि ठेवणारें ह्या प्रांतांतील नाणें तें हेंच.

नंदी हें चिन्ह त्यानें अगदीं नवें काढलें असें मात्र समजूं नये. स्कंदगुप्तानें पश्चिमेकडील मुलुखासाठीं पाडलेल्या रुप्याच्या नाण्यांत एक प्रकार बसलेल्या वृषभाचा आहे. कृष्णराजाचें नाणें त्याच साच्यावर घडविलें आहे. त्याहि मागें जाऊं लागल्यास ही परंपरा फार लांब पोंचते. गुप्तांनीं हा आकार क्षत्रपांपासून घेतला, क्षत्रपांनीं तो यवन राजांच्या अर्ध्या द्रम्मापासून. म्हणजे नांवें बदललीं, लिपि बदलली, देव बदलले. पण अर्ध्या इंचाची, दोन-सव्वादोन ग्रॅमांची ती रुप्याची चकती पश्चिम हिंदुस्थानांत शेंकडों वर्षें तशीच राहिली.

आमच्या नाशकाला तर ह्या चकतीची ओळख पांडवलेण्यांच्या काळापासून आहे. नहपानाचा जांवई उषवदात याच्या लेण्यांतील लेखांत तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींत कायमची ठेव म्हणून ठेवल्याचें लिहिलें आहे. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारांवर दरमहा शेंकडा पाऊण असा व्याजाचा दर. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें; तें वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा प्रमाणें वस्त्रासाठीं द्यावयाचें. हिशेब पैपैचा जुळतो. त्याच लेखसमूहांत सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, असा पस्तिसाला एक हा भावहि दिलेला आहे. हे कार्षापण कसे होते तें १९०६ सालीं नाशिकजवळील जोगलटेंभी येथें सांपडलेल्या ठेव्यानें डोळ्यांना दाखविलें. तेरा हजारांहून अधिक नाणीं. सर्व मुळांत नहपानाचीं, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र शातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तो ठेवा अभ्यासून प्रसिद्ध केला. शत्रूचें नाणें मोडून आटविलें नाहीं, त्यावरच आपली मुद्रा उठविली. रुपें तेंच, वजन तेंच, धनी दुसरा.

ह्या पार्श्वभूमीवर कृष्णराजाचा काळ कसा ठरला तें सांगितलें पाहिजे, कारण त्याविषयीं दीर्घकाळ घोळ होता. नाण्यावर बापाचें नांव नाहीं, साल नाहीं, कुलाचें नांव नाहीं. मग हा कृष्णराज कोणता? एकोणिसाव्या शतकांतील कांहीं नामांकित विद्वानांनीं तो राष्ट्रकूट कृष्ण, म्हणजे वेरूळचें कैलास लेणें कोरविणारा पहिला कृष्ण, असें मानलें. दक्षिणेंतला प्रसिद्ध कृष्णराज तोच, आणि तोहि शिवभक्त. तेव्हां तर्क स्वाभाविक होता. परंतु त्याचा काळ आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणांतला, आणि नाण्यावरील अक्षरांची घडण त्याहून पुष्कळ जुनी. स्कंदगुप्ताच्या नाण्याशीं असलेलें साम्यहि तीनशें वर्षांच्या अंतरावर समजणें कठीण. तरीहि अक्षरांच्या वळणावरून केलेला निर्णय हा शेवटीं डोळ्यांचा निर्णय; त्यावर वाद घालतां येतो. वाद मिटविला तो अंजनेरीच्या ताम्रपटांनीं.

हे ताम्रपट हरिश्चंद्रवंशीय राजा भोगशक्ति याचे. तो बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक असून चौदा हजार गांवांच्या पुरी-कोंकणावर त्याचा अंमल होता. ताम्रपटाचें साल कलचुरि संवत् ४६१, म्हणजे इ. स. ७१०-११. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ते संपादिले, आणि पुढें १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कलचुरि-चेदि संवताच्या लेखसंग्रहांतहि ते आले आहेत. ह्या ताम्रपटांत 'कृष्णराजरूपक' हें नाणें नांवानें आलेलें आहे. इ. स. ७१०-११ मध्यें जें नाणें लोकांच्या हातांत खेळत होतें, तें त्यानंतर चाळीसपंचेचाळीस वर्षांनीं गादीवर बसलेल्या राष्ट्रकूट कृष्णाचें असणें शक्य नाहीं. एवढा एकच धागा पुरेसा आहे. मग त्या काळापूर्वींचा, ह्याच प्रांतावर राज्य केलेला, शिवभक्त कृष्णराज शोधूं लागलें म्हणजे दृष्टि कलचुरींवरच येऊन ठरते. कळवण तालुक्यांतील अभोणें येथें मिळालेला शंकरगणाचा ताम्रपट संवत् ३४७ चा, म्हणजे सहाव्या शतकाच्या अगदीं शेवटच्या वर्षांतला. तो उज्जयिनीच्या तळावरून दिलेला आहे. कृष्णराज हा शंकरगणाचा पिता; तेव्हां त्याचा काळ सहाव्या शतकाचा तिसरा चरण, सुमारें इ. स. ५५० ते ५७५, असा येतो.

अंजनेरीचा ताम्रपट आणखीहि एका कारणानें वाचण्यासारखा आहे. भोगशक्तीनें जयपुर येथें आपल्या नांवानें भोगेश्वर असें नामाभिधान दिलेल्या नारायणाच्या देवळास आठ गांव व कांहीं करांचें उत्पन्न तोडून दिलें. देवाची व्यवस्था पाहण्याचें काम तेथील व्यापाऱ्यांच्या नगरसभेकडे सोंपविलें, मार्गशीर्षांतील यात्रोत्सव त्यांनींच पार पाडावयाचा. आणि त्याबद्दल त्यांना जकातीची कायमची माफी व राजपुरुषांच्या उतरण्या-जेवणाच्या जाचांतून सुटका. ओसाड पडलेलें समगिरिपत्तन व त्याच्या आसपासच्या वाड्या पुन्हा वसवितांना घालून दिलेले दंडहि रूपकांतच आहेत. कुमारिकेच्या विनयभंगास १०८ रूपक दंड. डोकें फोडल्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. न्यायनिवाडा करावयाचा तो गांवच्या आठ किंवा सोळा वडीलधाऱ्या महाजनांनीं. पांडवलेण्यांतल्या श्रेणी व अंजनेरीच्या पटांतली नगरसभा यांच्यामध्यें साडेपांचशेंहून अधिक वर्षें आहेत, तरी देवाधर्माचा पैसा व्यापाऱ्यांच्या हातीं विश्वासानें देण्याची चाल तीच दिसते.

येथें एक गोष्ट नजरेंतून निसटूं नये. देऊळ नारायणाचें, आणि त्या राज्यांत चालणाऱ्या नाण्यावर नंदी व 'परममाहेश्वर' हें पद. ताम्रपट लिहिणाऱ्याला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. नाण्यावरील भक्ति ही पाडणाऱ्याची; वापरणाऱ्यानें ती मान्य केलीच पाहिजे असा तिचा आग्रह नव्हता. तो नाण्याचें वजन व कस पाही.

आतां आरंभीं सांगितलेल्या बिशप-राजांकडे पुन्हा थोडें वळूं. कारण खरा भेद येथेंच उघड होतो. मॅग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान (इ. स. ११५२-११९२) यानें आपलीं पातळ नाणीं वर्षांतून दोन वेळां परत मागविण्याची चाल पाडली. जुनें नाणें ठराविक बाजारानंतर चालत नसे; तें टांकसाळींत आणून नवें घ्यावयाचें, आणि बहुधा बारा जुन्यांच्या बदल्यांत नऊ नवींच पदरांत पडत. म्हणजे हा एक प्रकारचा करच. नाण्यावर धर्मदंड घेतलेला गुरु, पण सहा महिन्यांत त्याच्या नाण्याची किंमत संपे. उलट कृष्णराजाचें रूपक तो मेल्यावर सव्वाशें-दीडशें वर्षांनीं, त्याचें घराणें ह्या प्रांतांतून नाहींसें झाल्यावर, दुसऱ्या वंशाच्या मांडलिक राजाच्या दानपत्रांत त्याच्याच नांवानें मोजलें जात आहे. कलचुरींची सत्ता सातव्या शतकाच्या आरंभींच चालुक्यांनीं मोडली; मंगलेशानें कलचुरींची लक्ष्मी हरण केल्याचें ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या लेखांत आहे. राज्य गेलें, नाणें राहिलें.

असें कां व्हावें ? एक कारण साधें आहे. बदामीच्या चालुक्यांनीं रुप्याच्या नाण्यांकडे लक्ष दिलें नाहीं. बाजाराला मात्र रुप्याचें लहान नाणें पाहिजेच होतें. दुसरें आमच्या मतें अधिक महत्त्वाचें. शंकरगण व बुद्धराज यांच्या नांवाचीं नाणीं पुढें येत नाहींत. कलचुरींचीं म्हणून परिचित असलेलीं नाणीं कृष्णराजाच्याच नांवाचीं आहेत. एवढे पराक्रमी पुत्र-पौत्र, उज्जयिनी व विदिशा येथून दानपत्रें देणारे, त्यांनीं टांकसाळ बंद ठेविली असेल हें संभवत नाहीं. तेव्हां पित्याच्याच नांवाचा ठसा त्यांनींहि चालू ठेविला, आणि कदाचित् त्यांच्या मागून सराफांनीं व लहान मांडलिकांनींहि ठेविला, असा आमचा तर्क आहे. बाजाराला ओळखीचें नाणें लागतें. कंपनी सरकारनें मुर्शिदाबादी सिक्का रुपयावर शहाआलमचें एकोणिसावें जुलूस वर्ष किती तरी वर्षें तसेंच छापलें. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० सालीं वारली, पण त्या सालाचा तिचा रुप्याचा थालर पुढें दीडशेंहून अधिक वर्षें आफ्रिका-अरबस्थानाच्या व्यापारासाठीं पाडला जात होता. मराठ्यांनींहि मोंगल बादशहाच्या नांवाचे रुपये पाडलेच, आणि त्यांतील कांहींवर आमच्या नाशकाचें गुलशनाबाद हें मोंगली नांव आहे. ह्या तर्काला मान्यता मिळाली तर 'कृष्णराजरूपक' हा शब्द एका राजाच्या नाण्याचा न राहतां एका नाण्याच्या जातीचा वाचक ठरतो, आणि ताम्रपटांत तो नांवानिशीं कां आला तेंहि उलगडतें.

ह्या नाण्यांचा विस्तार केवढा होता ! उत्तरेस राजपुताना व माळवा, दक्षिणेस सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाड, पश्चिमेस मुंबई व साष्टी, पूर्वेस वऱ्हाडांतील अमरावतीकडचा भाग, एवढ्या टापूंत तीं सांपडलीं आहेत. घारापुरीच्या बेटावर तर कृष्णराजाचीं तांब्याचीं नाणीं मिळालीं. त्यावरून कांहीं विद्वानांनीं असें अनुमान काढलें कीं, तेथील महेशमूर्तीचें लेणें ह्याच कलचुरींच्या वेळीं खोदलें गेलें व कामकऱ्यांची मजुरी ह्या नाण्यांत दिली गेली. पाशुपत राजकुल, पाशुपत लेणें, आणि त्याच्या आवारांत त्या राजाचें सुटें नाणें, ही जोडणी मोहक आहे. आम्ही तिला संभाव्य म्हणूं, सिद्ध म्हणणार नाहीं. सुटें नाणें यात्रेकरूच्या कनवटीवरूनहि गळतें.

त्रैकूटकांचें जें त्रिकूट, त्याचा संबंधहि आमच्या भागाशींच दिसतो. कालिदासानें रघूच्या दिग्विजयांत त्रिकूट पर्वत अपरांतांत सांगितला आहे, आणि अंजनेरीच्या ताम्रपटांत 'पूर्वत्रिकूट' नांवाचा विषय आलेला आहे. तेव्हां परमवैष्णव व परममाहेश्वर हीं दोन्ही नाणीं एकाच डोंगराच्या सावलींत चालत होतीं असें म्हणावयास हरकत नाहीं.

राजानें स्वतःस देवाचा सेवक म्हणविण्याची ही रीत पुढें फार निराळ्या रूपांनीं प्रकट झाली. मेवाडचे राणे एकलिंगजीचे दिवाण म्हणवीत. त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्यानें १७५० सालीं सारें राज्य पद्मनाभस्वामीस अर्पण करून स्वतः पद्मनाभदास ही पदवी घेतली. आमच्या वाचकांस अधिक जवळचें उदाहरण अहल्याबाई होळकरांचें : त्यांच्या महेश्वरच्या टांकसाळीच्या रुपयावर शिवलिंग व बेलाचें पान आहे. मध्यें बाराशें वर्षें गेलीं, पण महेश्वर हें नांव, आणि नाण्यावर स्वतःऐवजीं देवाला पुढें करण्याची वृत्ति, हीं जुळतात. कृष्णराजाचा वारसा अहल्याबाईंपर्यंत आला असा अर्थ कोणी काढूं नये. दोन स्वतंत्र झरे आहेत.

'रूपक' ह्या शब्दाविषयीं जातां जातां एक. ठसा मारलेलें ह्या अर्थीं 'रूप' शब्दापासून 'रूप्य' हा शब्द पाणिनीनें साधला आहे. म्हणजे मूळ अर्थ धातूचा नसून ठशाचा. पुढें तें नाणें बहुधा ह्या पांढऱ्या धातूचें असे म्हणून धातूलाच रुपें म्हणूं लागले, आणि शेरशहाच्या वेळेपासून रुपया हें नाण्याचें नांव रूढ झालें.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. हीं नाणीं अजूनहि खेड्यापाड्यांतून निघतात. नांगराच्या फाळाला, जुन्या भिंतीच्या पायांत, ओढ्याच्या कांठीं. तीं काळीं पडलेलीं असतात व पैशापेक्षां लहान असल्यानें कोणी फारसें लक्ष देत नाहीं. कित्येकांना कडी झाळून लहान मुलाच्या गळ्यांत ताईत म्हणून घातलेलें आम्ही पाहिलें आहे. कित्येक सराफाच्या मुशींत गेलीं.  ज्यांच्या हातीं असें नाणें येईल त्यांनीं तें चिंच किंवा राख लावून घासूं नये. घासल्यानें अक्षरांच्या कडा जातात आणि मग तें मुकें होतें. बसलेला नंदी दिसल्यास त्याच्या पाठीवरील बाजूपासून घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें अक्षरें मोजीत जावें, 'ष्ण' हें जोडाक्षर सांपडल्यास उरलेलें वाचन सोपें होतें. नंदीऐवजीं तीन कमानींचा चैत्य असल्यास त्रैकूटकांचें किंवा क्षत्रपांचें समजावें. चैत्याच्या बाजूस 'परमवैष्णव' हीं अक्षरें शोधावीं. जमिनींत ठेवा मिळाल्यास १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें अवश्य आहे. आणि ठेवा सांपडला त्या जागेची, भांड्याची व नाण्यांच्या संख्येची टिपणी त्याच दिवशीं करून ठेवावी, कारण नाणीं पुढें वाटलीं गेलीं तरी तेवढी टिपणी मागें राहते. अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयांत जुन्या नाण्यांचे नमुने व ठसे मारण्याच्या कृतीची मांडणी पाहावयास मिळते. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं भोगशक्तीचे ताम्रपट निघाले तो तेथून समोरच दिसतो.